तिसऱ्या दिवसाची पट्टी

मी सूड धरणारी बाई आहे. लोक हे लपवतात. मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाची फसगत नको. सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून जन्म काढला, परक्यांची गू-मुतं काढली, म्हणून माझं मन मऊ असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या वॉर्डातल्या कुठल्याही आयाबाईला विचारावं. माझा हात मऊ आहे, मन नाही.

माझा राग एकाच घरावर होता आणि तो मला वारशानं मिळाला होता. इतर काही मिळण्यासारखं आमच्या घरात नव्हतंच. माझे आजोबा ड्रेसर होते. म्हणजे दवाखान्यात जखमा धुवायच्या, पू काढायचा, पट्ट्या बांधायच्या. मूळचे नातेपुत्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. सोलापुरात आले ते गिरणीत लागायला, पण धूळ सोसेना म्हणून एका धर्मादाय दवाखान्यात झाडू मारायला लागले, आणि बघून बघून पट्टी बांधायला शिकले. तो दवाखाना आता नाही. तिथं मोबाईलची दुकानं आहेत. तिथले डॉक्टर मोठ्या घरचे, पुण्यात शिकून आलेले, आणि त्यांच्या नावाला शहरात आजही मान आहे. माझा राग त्या मानावर होता.

इंग्रजांच्या राजवटीत शहरात मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हाची गोष्ट. मार्शल लॉ लागला तो त्यानंतर. आजोबांनी मला ती इतक्या वेळा सांगितली की मी स्वतःच तिथं बोळे उकळत होते असं मला वाटतं. त्या दुपारी डॉक्टर घरी होते आणि दाराला आतून कडी होती. दवाखान्यात आजोबा एकटे. माणसं पाठीवर घालून आणलेली. कुणाच्या मांडीत, कुणाच्या दंडात गोळी गेलेली. आजोबांनी सगळ्यांच्या जखमा धुतल्या, बांधल्या. मग नोंदवही उघडली, कारण नोंद केल्याशिवाय कापूस-पट्टी खर्ची टाकता येत नसे. गोळी लागली असं लिहावं तर माणूस थेट तुरुंगात. म्हणून त्यांनी डोकं चालवलं आणि प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं: बैलाचे शिंग लागून जखम.

"बैलच का लिवलं?" मी एकदा विचारलं होतं.

"आमच्याकडं जखम हुती ती बैलाचीच की," आजोबा म्हणाले. "दुसरं काय सुचलंच न्हाय बघ."

गिरण्यांच्या शहरात एका दुपारी इतके बैल उधळले! दुसऱ्या दिवशी फौजदार आला, त्यानं वही वाचली आणि पोट धरून हसला म्हणे. आजोबांनी यंत्रात हात सापडला, जिन्यावरून पडला, असं काही लिहिलं असतं तर कदाचित खपलंही असतं. पण ही चूक लहान. मोठी चूक वेगळीच होती. जखम त्यांनी खोटी लिहिली, पण नाव आणि पत्ता खरा लिहिला. गल्ली, बोळ, कुणाच्या घराशेजारी, सगळं.

हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारेल. मी मारत नाही, कारण मी त्याच धंद्यातली आहे. जखमेची पट्टी तिसऱ्या दिवशी बदलावीच लागते. नाही बदलली तर आत पू धरतो, आणि बांधलेल्या पट्टीचा काही उपयोग नाही. ही माणसं गोळीबारानंतर पुन्हा दवाखान्यात यायची नाहीत, आपल्यालाच त्यांच्याकडं जावं लागणार, मग पत्ता नको? ड्रेसरच्या डोक्यात एवढंच होतं. पुढाऱ्याच्या डोक्यात दुसरं आलं असतं, पण पुढारी पट्ट्या बांधत नव्हते.

फौजदारानं डॉक्टरांना घरून बोलावून आणलं. डॉक्टरांनी जखमा न बघताच, कारण बघायला माणसंच नव्हती, वहीच्या पानाखाली शेरा लिहिला की या गोळीच्या जखमा आहेत. त्याच दिवशी पोलीस पत्त्यांवर गेले आणि माणसं अंथरुणातून उचलून नेली. आजोबांना मात्र सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, अडाणी आहे, त्याला काय कळतंय. नोकरी गेली, तुरुंग टळला. पण ज्यानं नावं लिहिली तो मोकळा आणि ज्यांची लिहिली ते आत, यावरून गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं. त्यात आजोबा तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचा डबा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी गेले. आत सोडा, पट्टी बदलायची आहे, म्हणून शिपायांच्या हातापाया पडले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी काय बघितलं? ड्रेसर पोलिसांशी बोलत उभा आहे.

तेव्हापासून आमचं घर फितुराचं घर. आजीला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. आजोबांना शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि मरेपर्यंत त्यांनी बैलांच्या पट्ट्या बांधल्या. ते स्वतःच यावर हसायचे. मला कधी हसू आलं नाही. मी शाळेत असताना एका मुलीनं माझ्या पाटीवर 'फितूर' लिहिलं, मी तिची वेणी धरून तिला हौदात बुडवली, आणि त्याबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

आणि डॉक्टर? स्वराज्य आलं तसे डॉक्टर जखमींचे देवदूत झाले. गोळीबाराच्या दिवशी जिवावर उदार होऊन त्यांनी जखमींची सेवा केली असं भाषणात कुणीतरी म्हणालं, त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि पुढं ते सगळेच म्हणू लागले. हार झाले, सत्कार झाले, एका चौकाला नाव लागलं. आजोबा त्या चौकातून जाताना मान खाली घालायचे. मी वर बघून पाटी वाचायचे, मुद्दाम, रोज.

सूड म्हणून मी काय काय केलं ते सांगितलं तर हसाल. त्या डॉक्टरांचा मुलगा एकदा माझ्या वॉर्डात दाखल झाला होता. मी त्याची अशी सेवा केली, वेळच्या वेळी गोळ्या, तोंड धुणं, कूस बदलणं, की त्याला लाज वाटून त्यानं मान खाली घालावी. पण त्याला ठाऊकच नव्हतं मी कोण ते. बरा होऊन, "सिस्टर, देव तुमचं भलं करो" म्हणून गेला. मी त्या दिवशी घरी येऊन डबा आपटला.

परवाच्या वर्षी या घराण्यातला नातू, तोही डॉक्टर, त्याचं मोठं हॉस्पिटल आणि त्याला जोडून नर्सिंग कॉलेज, माझ्या दारात आला. स्वातंत्र्यलढ्यातल्या वैद्यकीय सेवकांचा सन्मान करायचा आहे म्हणाला. त्याच्या आजोबांच्या, म्हणजे त्या डॉक्टरांच्या, तैलचित्राचं अनावरण, एक स्मरणिका, आणि गोळीबारातल्या जखमींच्या घरच्यांना बोलावून शाल-श्रीफळ. "तुमचे आजोबाही तिथं ड्रेसर होते ना, सिस्टर? त्यांचाही उल्लेख करू." उल्लेख! वरणभातावर लोणचं वाढल्यासारखा उल्लेख. मी त्याला चहा दिला.

"आमच्याकडं त्या दिवसाची वही आहे," तो म्हणाला. "आमच्या आजोबांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. जखमींवर आमच्याच दवाखान्यात उपचार झाले याचा तोच पुरावा. पण सगळी मोडीत आहे. कुणीतरी सांगितलं, तुम्हाला मोडी येते."

येते. आजोबांनी शिकवली. दुसरं काही द्यायला नव्हतं त्यांच्याकडं.

त्यानं मोबाईलवर पानाचा फोटो पाठवला. पानाचा खालचा भाग वर्षानुवर्षं दुमडून ठेवलेला होता, घडीवर काळी रेघ पडलेली. नातवानं बिचाऱ्यानं हौसेनं ती घडी उलगडून फोटो काढला होता. तो गेल्यावर मी खिडकीशी बसून बोटांनी फोटो मोठा केला. आजोबांचं अक्षर बघून आधी रडू आलं. मग बैल, बैल, बैल, आणि प्रत्येक बैलापुढं पत्ता. आणि घडीखाली डॉक्टरांचं तिरकं अक्षर, दोन ओळी, सही.

पहिली ओळ: वरील जखमा शिंगाच्या नसून बंदुकीच्या गोळीच्या आहेत.

मी उठून उभी राहिले. इतकी वर्षं आमच्याशिवाय ज्यावर कुणाचा विश्वास नव्हता ती ओळ त्यांच्याच सहीनिशी माझ्या हातात होती. मग बसले आणि दुसरी वाचली.

दुसरी ओळ: नावे व पत्ते ड्रेसरने इसमांस विचारून लिहिले असून ते खरे आहेत असे तो सांगतो.

असे तो सांगतो. आजोबांनी पत्ते लिहिले हे मला माहीत होतं, ते कधी लपवलं नाही त्यांनी. पण फौजदारानं समोर उभं करून पत्ते खरे का विचारलं आणि त्यांनी खरे म्हणून सांगितलं, हे मला कधीच सांगितलं नव्हतं. भिऊन सांगितलं असेल? की आपण नोंद खोटी करत नाही या ड्रेसरच्या घमेंडीत? मला माहीत नाही. आता कुणाला विचारणार? मी तो फोटो पुन्हा पुन्हा वाचला आणि आजोबांवर इतकी चिडले की त्यांच्या फोटोला त्या दिवशी फूल वाहिलं नाही.

मग मी ठरवलं. दुसरी ओळ वाचायची नाही. मोडी वाचणारे या शहरात अजून असतील, पण त्या हॉलमध्ये मी एकटीच असणार. मी नातवाला फोन केला. लिहून कशाला देऊ, म्हटलं, स्टेजवरूनच वाचून दाखवते, लोकांना ऐकायला बरं वाटेल. तो इतका खूश झाला की मला घ्यायला गाडी पाठवतो म्हणाला. पाठव म्हटलं. बोकडाला सजवून नेतात तसं वाटलं, फक्त बोकड कोण हे त्याला माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ठेवणीतलं इरकल नेसले. हॉल भरलेला. पुढं जखमींच्या घरचे, मागं नर्सिंगच्या मुली. डॉक्टरांचं तैलचित्र झेंडूच्या माळेत, आणि पडद्यावर ते पान, दारापेक्षा मोठं. मी माईकसमोर उभी राहिले आणि एकेक नोंद वाचली. नाव, जखम, बैल. पत्ते गाळले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी किती हुशारीनं इंग्रजांना फसवलं, असं पुढं कुणीतरी म्हणालं. मी थांबले.

"हे डॉक्टरांनी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "हे माझ्या आजोबांनी लिहिलं, ड्रेसरनं. डॉक्टर घरी होते, दाराला कडी लावून. डॉक्टरांनी लिहिलंय ते खाली आहे. तेही वाचते." आणि वाचली, पहिली ओळ, सहीसकट. मग चष्मा काढला. "यानंतर पोलिसांनी ही माणसं उचलून नेली. आणि फितूर ठरले माझे आजोबा."

सुख कशाला म्हणतात ते मला त्या मिनिटात कळलं. नातू शालीची घडी हातात धरून उभा होता, ती कुणाला द्यायची हे त्याला सुचत नव्हतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मला हे माहीत नव्हतं, सिस्टर," तो म्हणाला, माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "आता झालं ना?" मी म्हटलं. मला त्याची दया आली नाही. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा आमची कुणाला आली होती?

मग पुढच्या रांगेतून एक म्हातारे उठले. पूर्व भागातले विणकर, तेलुगू घरातले, ऐंशीच्या घरात असतील. त्यांचे आजोबा त्या पानावर होते, उजवी मांडी, बैलाचं शिंग. तुरुंगात पट्टी कुणी बदलली नाही, पाय सडला, मांडीपासून कापला, पुन्हा मागावर बसता आलं नाही. हे मला आजोबांकडून ठाऊक होतं. म्हातारे स्टेजच्या पायऱ्या चढून आले.

"अक्का, आमच्या घरात तीन पिढ्या तुमच्या आज्याला शिव्या दिल्या," ते म्हणाले. "आमचा पत्ता त्यानं दिला म्हणून. मग कोण दिलता पत्ता?"

"डॉक्टरनं," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली आणि वाकून माझे पाय धरले. वयानं मोठं माणूस वाकायला लागलं की आपण दोन्ही हात धरून उठवतो, नको नको म्हणतो. मी उठवलं नाही. तीन पिढ्यांच्या शिव्यांचं माप भरेपर्यंत वाकू दे, असं मनात आलं. खाली मुली रडत होत्या. पेपरात फोटो आला तोही तोच, म्हातारे वाकलेले आणि मी ताठ.

नातवानं चित्र उतरवलं. जखमींच्या प्रत्येक घरी त्यानं माफीचं पत्र पाठवलं: माझ्या आजोबांनी तुमच्या घराचा पत्ता पोलिसांना दिला, मी क्षमा मागतो. त्याची प्रत मलाही पाठवली. ती मी दोनदा वाचली आणि बरं वाटायचं थांबलं.

पश्चात्ताप वगैरे नाही. पण नोकरीत रोज ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला केसपेपर वाचून द्यावा लागतो, सगळा. आपल्या हातून डोस चुकला असेल तर तोही वाचायचा, कारण न वाचलेल्या ओळीनं माणूस मरतो. नव्या पोरींना मी हे ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि मी भरल्या हॉलमध्ये अर्धा पेपर वाचून घरी आले होते. शिवाय ते म्हातारे. डॉक्टरनं दिला, हे तर मी न विचारता नव्हे, विचारल्यावर सांगितलं होतं, डोळ्यात बघून.

महिन्याभरानं एका सकाळी मी पूर्व भागात त्यांचं घर शोधत गेले. पत्ता पानावर होता तोच, घर नवीन. बाहेरच्या खोलीत यंत्रमाग चालू होता. म्हातारे ओट्यावर बसले होते. मला बघून सुनेला हाक मारली, खुर्ची आणायला सांगितली, अक्का आल्या म्हणाले. मी खुर्चीत बसले नाही. मोबाईलवर तो फोटो काढला आणि दुसरी ओळ वाचली. मग तिचा सोप्या मराठीत अर्थ सांगितला. पत्ता आजोबांनी लिहिला, तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला यायचं म्हणून. आणि फौजदारानं विचारल्यावर खरा आहे म्हणून सांगितलं.

त्यांनी मुलाला सांगून माग बंद करवला. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचली.

"आज्या सांगायचा," ते म्हणाले. "त्या ड्रेसरला मीच घर सांगितलो, कोपऱ्यापासून तिसरं म्हणून. तिसऱ्या दिवशी येतो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी पोलीस आलते." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं बोट केलं. "त्या डॉक्टराच्या नातवाला हे सांगितली का तू?"

"न्हाय. आणि सांगायची पण न्हाय मी. पहिली ओळ खरीच हाय." मी चिडले की आजोबांची भाषा तोंडात येते.

"दुसरी पण खरीच की," म्हातारे म्हणाले. "तितं का न्हाय वाचली?"

मला उत्तर देता आलं नाही असं नाही. मी दिलं. सूड घ्यायचा होता, म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सूड त्यांना कळत होता, त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. पण ते अजून माझ्याकडंच बघत होते.

"मग मी वाकलो ते परत दे," ते म्हणाले.

सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मागाजवळचा मुलगा बघत होता. मी पर्स ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि गुडघे दुखत असताना खाली वाकून त्यांच्या दोन्ही पायांना हात लावला. असू दे, असं ते म्हणाले नाहीत. डोक्यावर हात ठेवला नाही. मी किती वेळ वाकून राहायचं ते त्यांनी ठरवलं.